दगडासारखा टायर नको

दिवाळीची सुट्टी जवळ आली की पालकांचे फोन सुरू होतात. पूर्वी चौकशी असायची मार्कांची आणि वजनाची. दोन वर्षांपूर्वी आपला सायकल क्लब सुरू झाला आणि त्यात एका प्रश्नाची भर पडली: "सर, पोराला डोंगरात चालवायला सायकल घ्यायची आहे. कोणती घेऊ?" सातारा, सांगली, कोल्हापूरकडचे पालक मराठीत बोलता येते म्हणून हा प्रश्न मलाच विचारतात, आणि प्रत्येकाला मी फोनवर अर्धवट काहीतरी सांगतो. आज या मराठी पानावर सगळ्यांना एकदम उत्तर देतो. ते काही पालकांना आवडणार नाही, आणि आमच्या स्टाफरूममध्ये तर त्यावर आधीच दोन तट पडले आहेत.

माझे म्हणणे असे, की सायकल कोणती हा दुसरा प्रश्न आहे. पहिला प्रश्न, टायर कसला आणि त्यात हवा किती.

हे शहाणपण मला पुस्तकातून आलेले नाही. गेल्या जानेवारीतल्या एका रविवारी आम्ही चौदा जण तळ्यामागच्या टेकडीवर गेलो होतो. नववीतल्या एका कॅडेटकडे घरून आलेली नवी कोरी सायकल होती. पुढे शॉकअप, मागे शॉकअप, डिस्क ब्रेक, एकवीस गिअर. निघण्यापूर्वी मी रांगेतून सगळ्यांचे टायर अंगठ्याने दाबत गेलो. त्याचा टायर तसूभरही दबला नाही. मी "शाब्बास" म्हणालो आणि पुढे सरकलो. तासाभराने उतारावरच्या दुसऱ्या वळणावर, जिथे खडकावर बारीक खडी पसरलेली असते, त्याचे पुढचे चाक बाजूला निसटले. वेग फार नव्हता. पोरगा खांद्यावर पडला आणि गळ्याजवळचे हाड मोडले. डोक्यावर हेल्मेट होते म्हणून तेवढ्यावर निभावले. सहा आठवडे हात गळ्यात अडकवून तो परेड मैदानाच्या कडेला उभा असायचा, आणि मला त्याच्याकडे पाहवत नसे.

संध्याकाळी शेडमध्ये येऊन मी गेज लावला. पुढच्या टायरमध्ये बावन्न पीएसआय हवा होती. आदल्या दिवशी आउटपासवर गेलेल्या मुलांनी पेट्रोल पंपावरून भरून आणली होती. म्हणजे चूक त्यांनी केली आणि तिच्यावर शिक्का मी मारला.

त्यानंतर दोन मते पुढे आली. एक, टेकडीवर जाणे बंद करावे, मुलांनी मैदानाला फेऱ्या माराव्यात. दुसरे, सायकली हलक्या दर्जाच्या आहेत, पालकांना सांगून भारी घ्याव्यात. मला दोन्ही चूक वाटतात, कारण पडलेली सायकल त्या दिवशीच्या चौदांमध्ये सर्वात महाग होती. तिच्या मागे गिअर नसलेल्या जुन्या सायकलीवर येणारा सातवीतला मुलगा त्याच वळणावरून सुखरूप खाली आला होता. त्याच्या टायरमध्ये हवा कमी होती, तीही पंप नादुरुस्त म्हणून.

आठवीच्या विज्ञानात एक धडा आहे. दाब म्हणजे बल भागिले क्षेत्रफळ. तो इथे वापरून पाहा. कॅडेटचे वजन ५२ किलो, सायकल १५ किलो, त्यातला साधारण चाळीस टक्के भार पुढच्या चाकावर, म्हणजे २७ किलो. बावन्न पीएसआय म्हणजे एका चौरस सेंटीमीटरवर साधारण ३.७ किलो. भागाकार केला तर टायर जमिनीला जेमतेम साडेसात चौरस सेंटीमीटर टेकतो. काडेपेटीच्या निम्म्याहून कमी. हवा निम्मी, म्हणजे सव्वीस केली, की तीच जागा दुप्पट होते. टायरच्या कडांच्या ताठपणामुळे आकडे थोडे इकडेतिकडे होतील, पण हिशोब बदलत नाही. वळताना आणि ब्रेक लावताना सारा भरवसा त्या काडेपेटीएवढ्या रबरावर असतो. शिवाय कडक टायर दगडावर आपटून उडतो आणि उडालेला असतो तेवढा वेळ तो ना वळवतो ना थांबवतो. मऊ टायर दगड पोटात घेऊन पुढे जातो.

पहाडी सायकलीचा जन्मही टायरमुळेच झाला, हे मुलांना मी आवर्जून सांगतो. अमेरिकेत श्विन कंपनीने १९३३ मध्ये मुलांच्या सायकलींसाठी २.१२५ इंच रुंदीचे, कमी हवेचे फुगीर टायर आणले. चाळीस वर्षांनी कॅलिफोर्नियातल्या मरीन काउंटीतली काही पोरे त्याच जुन्या, भंगारात निघालेल्या सायकली घेऊन डोंगरावरून सुटू लागली. १९७६ च्या ऑक्टोबरात त्यांनी एका उतारावर शर्यत लावली. त्या उताराचे नाव रिपॅक, कारण खाली पोचेपर्यंत मागच्या हबमधल्या ब्रेकचे ग्रीस जळून जायचे आणि ते पुन्हा भरावे लागायचे. त्या काळी हलक्या, दहा गिअरच्या रेसिंग सायकली दुकानात होत्या. या पोरांनी वीस-बावीस किलोचे धूड निवडले, कारण रुंद टायर फक्त त्यालाच बसत होता. शॉकअप तर कित्येक वर्षांनी आले.

आता कामाची गोष्ट. हवा किती?

टायरच्या कडेवर आकडे छापलेले असतात. स्वस्त टायरवर बहुधा ४० ते ६५ पीएसआय असे असते आणि आपल्याकडचा सायकलवाला त्यातला मोठा आकडा आदेश समजून पाळतो. तो आदेश नाही, ती वरची हद्द आहे. खालचा आकडा मात्र मोडू नये. म्हणून टायर विकत घेतानाच खालचा आकडा तीसच्या आत असलेला घ्यावा, रुंदी २.१ ते २.२५ इंच. आपल्या कॅडेटांची वजने ४५ ते ६० किलो. ट्यूब असलेल्या अशा टायरमध्ये पुढे अठ्ठावीस, मागे तीस या आकड्याने सुरुवात करावी. मग तळ्याकडच्या वाटेवरचा दगडी तुकडा, तोच, त्याच वेगाने, पुन्हा पुन्हा चालवावा आणि दर फेरीला दोन-दोन पीएसआय कमी करावेत, टायरवरच्या खालच्या आकड्यापर्यंत. पुढच्या चाकात मागच्यापेक्षा नेहमी थोडी कमी, कारण मागे भार जास्त असतो. एका टप्प्यावर मागची रिम दगडावर टक् करून वाजेल. तिथे थांबावे आणि दोन पीएसआय वाढवावेत. तो तुमचा आकडा. शेजारच्या कॅडेटचा नव्हे. त्याहून खाली गेलात तर रिम आणि दगड यांच्यामध्ये ट्यूब चिमटली जाते आणि तिला साप चावल्यासारखी शेजारी शेजारी दोन भोके पडतात. रिमला पोचा येतो तो वेगळाच.

अंगठ्याने हे कळत नाही. पंचवीस आणि चाळीस यांतला फरक मला अजूनही अंगठ्याने सांगता येत नाही, आणि मी लहानपणापासून टायर दाबत आलो आहे. गेज लागतो. पेट्रोल पंपाची हवा तर या कामाला अगदीच निरुपयोगी आहे. ती नळी गाड्यांसाठी असते. सायकलच्या ट्यूबमध्ये जागा ती किती, दोन सेकंदांत टायर दगड होतो, एखादा फुटतोही.

इथे आमच्या ड्रिलच्या सुभेदार साहेबांचा उल्लेख करायला हवा, कारण दुसरा तट त्यांचा आहे. "सर, ढिला टायर म्हणजे ढिला जवान," हे त्यांचे वाक्य. साहेबांनी उभी नोकरी अठ्ठावीस इंची काळ्या सायकलीवर काढली, कॅरिअरला ट्रंक बांधून. डांबरी सडकेवर त्यांचे म्हणणे शंभर टक्के खरे आहे. मऊ टायर तिथे चिकटतो, मांड्या भरून येतात. मी वाद घातला नाही. दोन सारख्या सायकली शेडबाहेर काढल्या, एकीत पन्नास, दुसरीत सव्वीस, आणि त्यांना दगडी तुकड्यावर दोन्ही चालवून बघा म्हटले. ते परत आले, दुसऱ्या सायकलीचे हँडल धरून थोडा वेळ उभे राहिले आणि म्हणाले, "हे रायफल झिरो करण्यासारखं आहे. ज्याची त्याने करायची." मला यापेक्षा बरे उदाहरण आजवर सुचलेले नाही. सडकेवर जास्त हवा लागते हे मात्र त्यांनी शेवटपर्यंत सोडले नाही, आणि सोडूही नये.

पालकांची दुसरी शंका असते, कमी हवेने पंक्चर वाढतील. आपल्या भागात पंक्चर करतात ते काटे. वेड्या बाभळीचा काटा दोन-दोन इंचांचा असतो, इकडे तिला विलायती बबूल म्हणतात. आणि वाटेच्या कडेला पसरलेले सराटे, ज्यांना इकडची मुले गोखरू म्हणतात. हे काटे वीस पीएसआयलाही शिरतात आणि पन्नासलाही. त्यांच्यावर उपाय वेगळा. ट्यूबमध्ये भरायचे सीलंट मिळते, ते भरावे. काटा उपटून चाक फिरवले की बहुतेक भोके बंद होतात. पंक्चर काढताना टायरच्या आतून कापसाचा बोळा फिरवावा. जिथे अडकेल तिथे काट्याचे टोक शिल्लक आहे. हे न केल्यामुळे गेल्या वर्षी एकाच कॅडेटने एका सकाळीत तीन वेळा पंक्चर काढले आणि तिन्ही वेळा दुकानदाराच्या ट्यूबला शिव्या घातल्या.

टायरच्या नक्षीबद्दल थोडक्यात. इथला खडक कोरडा, वर खडी आणि वाळू. मधे जवळजवळ बसवलेले, फार उंच नसलेले गुठळे आणि कडेला मजबूत, उठून दिसणारे गुठळे असा टायर पुढे लावावा. वळताना कडेचे गुठळेच जमिनीत रुततात. एकच चांगला टायर परवडत असेल तर तो पुढे. मागचे चाक घसरले तर सायकल बहुधा सावरता येते, पुढचे घसरले की सावरायला वेळच मिळत नाही. सुट्टीत गावी जाऊन पावसात लाल मातीत चालवणाऱ्यांनी हे टायर तिथे चालतील अशी आशा ठेवू नये. त्या चिकट चिखलाला उंच आणि विरळ गुठळे लागतात, नाहीतर दहा मिनिटांत चाकाची भाकरी होते. टायरच्या कडेला फिरण्याच्या दिशेचा बाण असतो, तो पाहून बसवावा. आमच्या शेडमध्ये चार टायर उलटे निघाले.

नवा टायर-ट्यूब मागवताना आणखी एक फसगत होते. "सव्वीसचा द्या" म्हटले की दुकानदार सव्वीसचा देतो, पण २६ × १ ३/८ चा टायर ५९० मिलिमीटरच्या रिमला बसतो आणि पहाडी सायकलीचा २६ × २.१ चा ५५९ च्या. एकाच नावाचे हे दोन वेगळे भाऊ. त्यामुळे कडेवरचा तीन अंकी आकडाच वाचावा: सव्वीससाठी ५५९, साडेसत्तावीससाठी ५८४, एकोणतीससाठी ६२२.

आता सायकल.

पालकांनो, मागचा शॉकअप नको. चांगला मागचा शॉकअप असतो, पण त्या सायकलीची किंमत लाखाच्या पुढे जाते. बजेटमध्ये जो मिळतो तो म्हणजे एक स्प्रिंग आणि चार सांधे. पेडल मारले की सायकल खाली-वर डोलते, सांधे सहा महिन्यांत खिळखिळे होतात, सुटे भाग मिळत नाहीत आणि वजन अठरा-वीस किलोवर जाते. अशा अनेक सायकलींच्या माहितीपुस्तिकेतच लिहिलेले असते की ही खडबडीत वाटेवर उड्या मारण्यासाठी नाही. ती पुस्तिका कोणी वाचत नाही. त्याच पैशांत मागे शॉकअप नसलेली, ज्याला हार्डटेल म्हणतात ती, बऱ्याच चांगल्या ब्रेकची आणि चाकांची मिळते. पुढच्या शॉकअपचे स्प्रिंग मोठ्या माणसाच्या वजनाचे असते. आपल्या मुलांसाठी वरचे बटण पूर्ण सैल करावे. आणि चढावर लावलेले लॉक उतारापूर्वी काढायला विसरू नये.

गिअर किती, याला मी महत्त्व देत नाही. पुढचे सर्वात लहान चेनव्हील किती दातांचे आणि मागच्या फ्रीव्हीलचे सर्वात मोठे चक्र किती दातांचे, एवढे विचारावे. मागचे पुढच्यापेक्षा मोठे असेल तर चढ चढेल.

माप मात्र नीट घ्यावे. आपल्याकडे शाळेचा गणवेश घेतात वाढत्या अंगाचा, दोन इंच मोठा, दुमडून शिवलेला. बुटातही पुढे कापूस भरून चालते. सायकलीत नाही चालत. मधल्या दांडीवर पाय टाकून दोन्ही टाचा जमिनीला टेकवल्या तर दांडी आणि जांघ यांत किमान दोन इंच मोकळे हवेत. मोठ्या सायकलीवरचा मुलगा हँडलपर्यंत पोचण्यासाठी ताणून बसतो आणि गरज पडते तेव्हा त्याला मागे सरकता येत नाही. सीटची उंची अशी, की टाच पेडलवर ठेवली तर खाली पाय सरळ व्हावा. मोठा उतार आला की थांबून सीट दोन-तीन इंच खाली करावी. यात कमीपणा वाटणारे कॅडेट मी पाहिले आहेत. त्यातले दोघे काटेरी झुडपातून बाहेर काढावे लागले.

मुले तर भराभर उंच होतात, मग दर दोन वर्षांनी नवी सायकल कोण घेणार? हा पालकांचा आक्षेप रास्त आहे. माझी सूचना अशी, की अकरावीत गेलेल्यांनी आपल्या लहान मापाच्या सायकली क्लबकडे ठेवाव्यात आणि त्या आठवी-नववीतल्यांना द्याव्यात. शेडमध्ये आज सहा सायकली मालकाला लहान पडल्या म्हणून कव्हराखाली धूळ खात आहेत, आणि सहा मुले मोठ्या सायकलींवर लोंबकळत आहेत.

एक गोष्ट आमच्या स्वतःच्या सवयीची सांगतो, कारण ती बाहेरच्या कुठल्याही सायकल क्लबात आढळणार नाही. आमच्याकडे जे दिसते ते चमकले पाहिजे. वार्षिक इन्स्पेक्शनच्या आदल्या रात्री सायकलींचीही पाळी आली. मुलांनी टायर काळ्या पॉलिशने चकाचक केले, जमिनीला टेकणाऱ्या भागासकट. डिस्क ब्रेकच्या तबकड्या तेलाच्या फडक्याने पुसल्या. इन्स्पेक्शनमध्ये शेडला शेरा मिळाला "उत्कृष्ट". दुसऱ्या दिवशी नऊ सायकलींचे ब्रेक नुसते किंचाळत होते, लागत नव्हते. तबकडी स्पिरिटने पुसून काढता आली, पण तेल प्यायलेले पॅड फेकून द्यावे लागले. तबकडीला बोटही लावायचे नाही, ही सूचना आता शेडच्या दारावर लिहिली आहे. ब्रेकची दांडी एका बोटाने, फार तर दोन बोटांनी, ओढता आली पाहिजे आणि मनगट न वाकवता. आपल्याकडच्या बहुतेक सायकलींत पुढचा ब्रेक उजव्या हाताला असतो, पण बाहेरून आलेल्या काही सायकलींत उलटे असते. दुसऱ्याची सायकल घेतली तर फाटकातच दोन्ही दाबून बघावे.

टेकडी बंद करावी का, हा विषय येत्या बैठकीत पुन्हा निघणार आहे. माझे मत लिहून देतो. मैदानाच्या फेऱ्या मारून कोणाला खडीवर ब्रेक लावता येणार नाही. हीच मुले उद्या सुट्टीत गावच्या घाटात चालवणार आहेत, तिथे त्यांच्या मागे ना मी असेन ना प्रथमोपचाराची पेटी. क्लबच्या यंदाच्या पैशांतून नव्या सायकली घेऊ नयेत. गेज असलेले दोन उभे पंप, पुढच्या चाकांसाठी चांगले टायर आणि ब्रेक पॅड घ्यावेत. फाटकावर वही ठेवावी. कॅडेटने स्वतः आपले वजन, पुढची हवा, मागची हवा लिहावी आणि खाली सही करावी. परत आल्यावर पंक्चर झाले का, रिम वाजली का, तेही लिहावे. रायफल ज्याच्या नावावर तोच तिचा जबाबदार असतो, तसे. अंगठ्याने तपासणारा शिक्षक, म्हणजे मी, या व्यवस्थेतून वगळला जाईल, आणि ते बरे होईल.

गळ्यातून हात सुटल्यावर तो कॅडेट मार्चमध्ये शेडमध्ये आला. सायकल घरी परत पाठवू का, असे त्याने विचारले. आम्ही दोघांनी मिळून तिच्या मागच्या सांध्यांचे बोल्ट आवळले, पुढे नवा टायर चढवला आणि सत्तावीस पीएसआय भरले. त्याच वळणावर तो आधी चालत गेला, खडी बुटाने सरकवून पाहिली, मग वर येऊन सीट खाली केली.

दिवाळीत सायकल घेणार असलेल्या पालकांनी मुलाची उंची आणि पायाची आतली लांबी मला कळवावी, माप मी सांगेन. ज्यांच्या मुलाकडे सायकल आहे त्यांनी नवी न घेता एक गेज आणि दोन ट्यूब पाठवाव्यात. आमच्या शेडमधल्या बहुतेक टायरांवर ५४-५८४ किंवा ५७-५८४ लिहिलेले आहे. ट्यूब त्याच मापाच्या, आणि वॉल्व्ह मोटारसायकलसारखा जाड असलेल्या.